एका खात्यावरून वीसेक खाती काढताना

ग्राहकसेवा विभागात नवी माणसं रुजू होणार होती. त्यांच्यासाठी सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीत, वीसेक खाती उघडायची होती. टीम लीड मॅडमनी निरोप पाठवला, "आपल्या सीनियरचं खातं आहे ना, अगदी तसंच सगळ्यांना करून द्या. वेगळं काही नको."

ॲडमिन म्हणून ही मागणी मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. मागणाऱ्याच्या बाजूनं ती रास्तही असते. तो माणूस उत्तम काम करतो, म्हणजे कामाला लागणारं सगळं त्याच्या खात्यात असणार, मग तेच इतरांना द्या. अडचण एवढीच की त्या माणसानं त्या विभागात बरीच वर्षं काढलेली असतात. त्या काळात कुठल्या कुठल्या निमित्तानं त्याला एकेक किल्ली मिळत गेलेली असते आणि ती परत मागायला कोणी आलेलं नसतं. खात्याची नक्कल करताना तो सगळा जुडगा नव्या माणसाच्या हाती जातो, तोही पहिल्याच दिवशी.

म्हणून नक्कल करण्याआधी मूळ खातं उलगडून पाहायचं ठरवलं. यावर जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक "नवा युजर या बटणावर क्लिक करा" इथेच संपतं. खरं काम त्या बटणाच्या अलीकडे आणि पलीकडे असतं, म्हणून ते जरा सविस्तर लिहिते आहे.

आमचं सीआरएम सेल्सफोर्सवर चालतं. याआधी मी सुइटसीआरएम सांभाळत होते. तिथे युजरच्या पानावरच डुप्लिकेट असा पर्याय आहे. तो दाबला की मूळ खात्याची माहिती भरलेला नवा फॉर्म समोर येतो आणि काम झालं असं वाटतं. पण तिथेही युजरची नोंद एका कोष्टकात असते, त्याचे रोल दुसऱ्या कोष्टकात आणि सुरक्षा गट तिसऱ्याच कोष्टकात. फॉर्म भरलेला दिसला म्हणून रोल आणि गटही सोबत आले असं धरून चालता येत नाही, नव्या खात्यावर जाऊन ते पाहावेच लागतात. सेल्सफोर्समध्ये प्रोफाइलला क्लोन बटण आहे, पण युजरच्या पानावर मला तसं काही मिळालं नाही. त्यामुळे नक्कल म्हणजे नेमकं काय, हे आपणच ठरवावं लागतं. मला हे बरंच वाटलं, कारण ठरवायचं म्हटलं की विचार करावा लागतो.

सेल्सफोर्समध्ये एका माणसाला काय करता येतं आणि काय दिसतं, हे अनेक थरांतून ठरतं. प्रत्येक युजरला एकच प्रोफाइल, म्हणजे मूळ परवानग्यांचा साचा, असतं. लॉगिनच्या वेळा आणि कुठल्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन करता येईल तेही त्या प्रोफाइलवर ठरतं. त्यावर परमिशन सेट, म्हणजे जादा परवानग्यांचे संच, चढवता येतात, हवे तितके. परमिशन सेट परवानगी देतो, काढून घेत नाही, त्यामुळे एकदा दिलेलं साचत राहतं. रोल वेगळा. रोलच्या उतरंडीत वर बसलेल्याला साधारणपणे खालच्यांच्या नोंदी दिसतात. मग पब्लिक ग्रुप (माणसांचे गट) आणि क्यू (कोणी तरी उचलायच्या कामांच्या रांगा). शिवाय युजरच्या नोंदीवर काही खुणा असतात, मार्केटिंग युजर, सर्व्हिस क्लाउड युजर अशा, आणि त्यांची लायसन्सं (विकत घेतलेले वापराचे परवाने) वेगळी मोजली जातात. मॅनेजर कोण, रजेच्या काळात मंजुरी कोणाकडे जाते, टाइम झोन कोणता, तारीख कशी दिसावी हे सगळं आणखी निराळं. "तसंच खातं" म्हणताना यातलं नेमकं काय "तसंच" हवं आहे, हे मागणाऱ्याला माहीत नसतं. त्यांनी ते माहीत ठेवावं अशी अपेक्षाही करू नये. ते ॲडमिनचं काम आहे.

मूळ खात्याचे सगळे थर एका शीटमध्ये काढले आणि ज्यांचं खातं होतं त्या सीनियर सरांशेजारी जाऊन बसले. एकेक ओळ वाचून दाखवत विचारलं, "हे कशासाठी लागतं तुम्हाला?" त्यांनी शांतपणे प्रत्येकाचं उत्तर दिलं. काही ओळींवर लगेच सांगितलं, हे रोज लागतं. काही ओळींवर थांबून म्हणाले, "हे माझ्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं."

जुन्या प्रणालीतून माहिती आणली तेव्हा पडताळणीसाठी त्यांना एक परमिशन सेट दिला होता. त्यात सगळा डेटा पाहण्याची परवानगी होती, म्हणजे प्रत्येक विभागाच्या प्रत्येक ग्राहकाची नोंद. पडताळणी कधीच संपली होती, संच तसाच होता. रिपोर्ट एक्सपोर्ट करण्याची परवानगी होती, कारण मध्यंतरी महिनाअखेरचा अहवाल तेच काढायचे. ते काम दुसऱ्याकडे गेलं, परवानगी राहिली. परताव्याच्या मंजुरीच्या क्यूमध्ये त्यांचं नाव होतं, कोणाच्या तरी लांबलेल्या रजेमुळे. मार्केटिंग युजरची खूणही होती, पण ती कशासाठी दिली ते त्यांना आठवत नव्हतं आणि नोंदींतही कुठे सापडलं नाही.

हे खातं जसंच्या तसं वीस वेळा उमटलं असतं, तर रुजू झालेल्या प्रत्येकाला साऱ्या ग्राहकांची यादी फोन नंबरांसकट एका क्लिकवर स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवता आली असती. कोणी तसं केलं असतं असं मी म्हणत नाही. पण ज्या ग्राहकानं विश्वासानं आपला पत्ता आणि तक्रार आपल्याकडे दिली, त्याच्या बाजूनं विचार केला की ही शक्यतादेखील मला सहन होत नाही. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात किमान अधिकाराचं तत्त्व मांडलं होतं: प्रत्येक प्रोग्रामनं आणि प्रत्येक वापरकर्त्यानं आपलं काम पुरं व्हायला लागतील तेवढेच अधिकार घेऊन काम करावं. अधिकार माणसाला न देता भूमिकेला द्यावेत आणि माणसाला भूमिकेत बसवावं, हा विचार डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये नीट आकाराला आणला आणि २००४ मध्ये त्याचं अमेरिकेत अधिकृत मानक झालं. म्हणजे ही समज जुनी आहे. तरी रोजच्या घाईत "अमक्यासारखं खातं" हीच पद्धत चालू राहते, कारण त्या वेळी ती सगळ्यात कमी वेळ घेते.

सरांच्या खात्यात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. त्यांचा रोल सीनियरचा होता, म्हणजे उतरंडीत नव्या माणसांच्या रोलच्या वर. तोच रोल सगळ्यांना दिला असता तर खालच्या रोलमधल्या जुन्या सहकाऱ्यांच्या केसेस (ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदी) नवख्यांना दिसल्या असत्या. नोंदीत फेरफार करण्याची परवानगी हा वेगळा प्रश्न, पण कोणाचं काम कोणाच्या नजरेखाली आहे याचा विभागातल्या माणसांवर परिणाम होतो. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "नाही, नाही, रोल ज्युनियरचाच हवा." म्हणजे त्यांनाही "तसंच" नको होतं. शब्दच तेवढा हाताशी होता.

त्यांनी एक प्रश्न विचारला: "सरांच्या केसेस नव्या लोकांना दिसतील ना? सोपवायच्या आहेत त्यांच्याकडे." खात्याची नक्कल केली तरी त्या खात्याच्या मालकीच्या नोंदींची नक्कल होत नाही. केसेस, लीड (संभाव्य ग्राहकांच्या नोंदी), कामांची यादी हे सगळं मूळ मालकाकडेच राहतं. सोपवायचं असेल तर मालक बदलण्याचं काम वेगळं करावं लागतं आणि कोणती केस कोणाकडे हे विभागानंच ठरवावं लागतं. तसंच खाजगी फोल्डरमधले रिपोर्ट, स्वतःपुरते करून ठेवलेले लिस्ट व्ह्यू (निवडक नोंदींच्या याद्या), मेलची जोडणी, यातलंही काही येत नाही. सर रोज सकाळी जो लिस्ट व्ह्यू उघडून बसायचे तो त्यांनी स्वतःसाठी केलेला होता आणि कामाच्या दृष्टीनं फार चांगला होता. तो गटासाठी सामायिक करून घेतला. नक्कल करण्यासारखं खरं तर हेच होतं: अनुभवी माणूस काम कसं लावून घेतो ते.

याच सुमारास हिशेब विभागाकडून एक सूचना आली. मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांची खाती पडून आहेत, तर नाव, ईमेल आणि पासवर्ड बदलून तीच नव्यांना द्या, नवी लायसन्सं कशाला? सूचना खर्च वाचवण्याच्या चांगल्या हेतूनं आलेली होती, म्हणून मी तिला नीट उत्तर लिहिलं. सेल्सफोर्समध्ये युजर कधी डिलीट होत नाही, तो फक्त डीॲक्टिव्हेट होतो. यामागे कारण आहे. त्यानं केलेली प्रत्येक नोंद, ग्राहकाला दिलेला प्रत्येक शब्द त्याच्या युजर क्रमांकाला बांधलेला असतो आणि पडद्यावर दिसणारं नाव त्या क्रमांकावरून येतं. नाव बदललं की मागच्या साऱ्या नोंदींवरही नवं नाव दिसायला लागतं. दोन वर्षांपूर्वी ग्राहकाला दिलेलं आश्वासन काल रुजू झालेल्या मुलीच्या नावावर चढतं. उद्या त्या केसवरून वाद झाला तर उत्तर कोणी द्यायचं? ज्यानं ते काम केलं त्याचं नाव पुसलं जातं आणि जिनं केलं नाही तिच्यावर येतं. दोन्ही माणसांवर हा अन्याय आहे.

राहिला लायसन्सचा प्रश्न. त्याला जुनं खातं दुसऱ्याच्या नावावर करायची गरजच नसते. खातं डीॲक्टिव्हेट केलं की लायसन्स मोकळं होतं आणि नव्या खात्याला वापरता येतं. नुसतं फ्रीझ केलं तर मात्र लॉगिन लगेच बंद होतं पण लायसन्स अडकून राहतं, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. आमच्याकडे सोडून गेलेल्यांपैकी काही खाती फ्रीझच होती. ती नीट डीॲक्टिव्हेट केल्यावर हवी होती त्यातली बरीच लायसन्सं तिथूनच मिळाली. हिशेब विभागही खूश झाला.

दोघांनी मिळून एक लॉगिन वापरावं, ही सूचनाही कोणी तरी केलीच. ती मात्र मी एका ओळीत नाकारली. लायसन्स एका माणसाचं असतं, आणि कोणती नोंद कोणी केली हे कळेनासं झालं की इतिहास ठेवून उपयोग नाही.

आता शीट. प्रत्यक्ष खाती डेटा लोडर, म्हणजे शीटमधल्या ओळी एकदम सेल्सफोर्समध्ये चढवणारं साधन, वापरून एकदम चढवायची होती. हाताने वीस फॉर्म भरणं अशक्य नव्हतं, पण पंधराव्या फॉर्मला डोळे थकतात. शीटमधली चूक एका कॉलममध्ये दिसते, फॉर्ममधली दिसत नाही.

सुरुवात क्रमांकांपासून होते. सेल्सफोर्समधल्या नोंदींचे क्रमांक रिपोर्टमधून काढले तर १५ अक्षरांचे येतात आणि डेटा लोडरमधून काढले तर १८ अक्षरांचे. पंधरा अक्षरी क्रमांकात इंग्रजी अक्षर लहान आहे की मोठं याला अर्थ असतो. अठरा अक्षरीतली शेवटची तीन अक्षरं तोच लहान-मोठेपणा टिपून ठेवतात, म्हणून अठरा अक्षरी क्रमांक कुठेही बिनधास्त वापरता येतो. एक्सेलचं व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं मूल्य दुसऱ्या यादीत शोधणारं सूत्र, मात्र लहान-मोठं ओळखत नाही. पंधरा अक्षरी क्रमांकांवर व्हीलुकअप लावलं तर दोन वेगळे क्रमांक त्याला एकच वाटू शकतात आणि ते पहिला सापडेल तो उचलून देतं, कसलीही एरर न दाखवता. त्यातून प्रोफाइलचा क्रमांक शून्य, शून्य आणि लहान ई यांनी सुरू होतो, तर रोलचा शून्य, शून्य आणि मोठ्या ई यांनी. शेजारी शेजारी कॉलम, आणि पहिली तीन अक्षरं वाचताना सारखीच. म्हणून माझा नियम आहे की शीटमध्ये अठरा अक्षरी क्रमांकच ठेवायचे आणि प्रत्येक क्रमांकाच्या शेजारी माणसाला वाचता येईल असं नाव ठेवायचं, चढवताना तो कॉलम जोडला नाही तरी चालतो.

मग युजरनेम. ते ईमेलच्या साच्यात असावं लागतं, पण खरा ईमेल पत्ता असण्याची गरज नाही. अट अशी की ते जगभरातल्या सगळ्या सेल्सफोर्स संस्थांमध्ये एकमेव असलं पाहिजे. नव्या माणसाच्या ईमेलवर आधीच कुठे खातं असेल तर ते युजरनेम मिळत नाही आणि कारण आपल्याला आपल्या प्रणालीत शोधून सापडत नाही. म्हणून युजरनेमला संस्थेपुरतं एक शेपूट जोडायची पद्धत आम्ही ठेवली आहे, ईमेलचा रकाना मात्र खऱ्या पत्त्याचा. ॲलियस (नावाचं छोटं रूप) आठ अक्षरांपर्यंतच चालतो. टोपणनाव संस्थेत दुसऱ्या कोणाचं नसावं लागतं. एकाच आडनावाची तिघं जण असली की सूत्रानं तयार केलेली टोपणनावं आपसात धडकतात. आमच्याकडे तसे तिघे होते, म्हणून तो कॉलम शेवटी डोळ्यांनी वाचूनच पक्का केला.

काही नावं देवनागरीत ठेवायची होती, कारण ग्राहकाला जाणाऱ्या मेलखाली ती तशीच दिसतात. चढवायची सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसारख्या लिपी नीट साठवणारी पद्धत) मध्ये जतन केली नाही तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. डेटा लोडरच्या सेटिंगमध्येही यूटीएफ-८ नं वाचण्याची खूण करावी लागते, फक्त एक्सेलमध्ये करून भागत नाही. फोन नंबरांच्या सुरुवातीचं शून्य एक्सेल खातं, म्हणून तो कॉलम आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा.

परमिशन सेटची यादी मूळ खात्यावरून काढताना एक अनपेक्षित ओळ दिसते. सेल्सफोर्स प्रत्येक प्रोफाइलमागे एक छुपा परमिशन सेट ठेवतं, आणि युजरला दिलेल्या संचांची यादी काढली की तोही त्यात येतो. ती ओळ नव्या युजरवर चढवायची नसते, प्रोफाइल दिलं की ती आपोआप येते. प्रोफाइलच्या मालकीचा संच म्हणून त्यावर खूण असते, त्यावरून गाळून टाकायची. ग्रुपचं उलटं आहे. सदस्यांच्या यादीत फक्त थेट घातलेली नावं दिसतात. रोलमार्फत किंवा ग्रुपातल्या ग्रुपमार्फत मिळालेलं सदस्यत्व तिथे नावानिशी दिसत नाही. सरांचं नाव एका क्यूच्या यादीत नव्हतं, तरी त्या क्यूमधल्या केसेस ते रोज उचलायचे. ते त्यांच्या रोलमुळे. नव्या माणसांचा रोल वेगळा ठेवला असल्यानं ती वाट त्यांना मिळणार नव्हती. नुसत्या यादीवरून नक्कल केली असती तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं, तेही फोनवर ग्राहक असताना.

म्हणून सॅण्डबॉक्स, म्हणजे प्रणालीची चाचणीपुरती प्रत. तिथे युजरनेमच्या शेवटी सॅण्डबॉक्सचं नाव आपोआप जोडलं जातं आणि तिथे आलेल्या युजरच्या ईमेलला इन्व्हॅलिड अशी पुस्ती लागते. त्यामुळे चाचणीतले मेल चुकून खऱ्या माणसांकडे जात नाहीत. पण मी तिथे नव्यानं केलेल्या खात्यांना ही पुस्ती आपोआप लागेल असं धरलं नाही, स्वतः हाताने लावली.

तिथे त्या युजर म्हणून लॉगिन करून पाहिलं. ॲडमिनला इतरांच्या नावानं लॉगिन करता येईल अशी सोय चालू करता येते आणि चाचणीला तिच्यासारखं दुसरं काही नाही. केस उघडते का, क्यूमधून उचलता येते का, ग्राहकाला मेल जातो का हे सगळेच पाहतात. मी जास्त वेळ दिला तो उलट बाजूला: रिपोर्ट एक्सपोर्टचा पर्याय दिसतो का? परताव्याची मंजुरी देता येते का? दुसऱ्या विभागाचा ग्राहक शोधला तर सापडतो का? जे होऊ नये ते होत नाही, याची खात्री वेगळी करावी लागते. कारण जास्तीची परवानगी मिळाली म्हणून तक्रार करायला कोणी येत नाही. कमी पडली तर पाच मिनिटांत फोन येतो. सॅण्डबॉक्समधल्या चाचणीत नेमकी ती रोलमार्फतची क्यू अडली. मग ग्राहकसेवेसाठी एक पब्लिक ग्रुप केला, तो क्यूमध्ये घातला आणि नवी माणसं त्या ग्रुपमध्ये.

खऱ्या प्रणालीत चढवताना क्रम महत्त्वाचा. आधी युजर, मग परमिशन सेटची जी वेगळी लायसन्सं लागतात ती, मग परमिशन सेट, शेवटी ग्रुप. लायसन्सं द्यायच्या आधी संच चढवायला गेलं तर काही संच नाकारले जातात. प्रत्येक टप्प्याची यशस्वी आणि अयशस्वी ओळींची फाइल डेटा लोडर वेगळी देतं. यशस्वी फाइलमध्ये नव्या युजरचे क्रमांक असतात आणि पुढचा टप्पा त्यांच्यावरच उभा राहतो, म्हणून ती जपून ठेवायची.

अयशस्वी फाइलमध्ये एक ओळ आली, युजरनेम आधीच वापरात असल्याची. शोधलं तर त्या मुलीनं पूर्वी आमच्याकडेच प्रशिक्षणार्थी म्हणून काम केलं होतं आणि तिचं खातं डीॲक्टिव्हेट होऊन पडलं होतं. एकाच माणसाची दोन खाती करणं मला पटत नाही. ती तीच व्यक्ती, तिनं तेव्हा केलेल्या नोंदी तिच्याच. त्यामुळे जुनं खातं पुन्हा चालू केलं. पण चालू करण्याआधी त्यावर काय काय लागलेलं आहे ते पाहून तेव्हाचं सगळं काढलं आणि आताच्या कामाचं लावलं. एकाच्या खात्याचं नाव बदलून दुसऱ्याला देणं आणि त्याच माणसाचं खातं त्यालाच परत देणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

डेटा लोडरमधून केलेल्या युजरना स्वागताचा मेल आपोआप जात नाही. आम्हाला ते सोयीचं पडलं. खाती आदल्या दिवशी तयार ठेवली आणि माणसं जागेवर येऊन बसल्यावर युजरच्या यादीतून सगळ्यांवर खूण करून पासवर्ड रीसेट पाठवले. पासवर्ड प्रत्येकानं स्वतः ठरवला. सगळ्यांना एकच तात्पुरता पासवर्ड सांगून टाकण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. माझ्या हातून ते कधीही होणार नाही. दुहेरी पडताळणीही (पासवर्डखेरीज ओळखीची दुसरी खात्री) प्रत्येकानं आपापल्या फोनवर जोडली. सेल्सफोर्सनं १ फेब्रुवारी २०२२ पासून ती आवश्यक केली आहे आणि तिची नक्कल काढता येत नाही, काढता येऊही नये. त्याला वेळ लागतो. मॅडमनी पहिला तास त्यासाठीच मोकळा ठेवला होता, त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे.

दुपारपर्यंत सगळे केसेस घेत होते. एकाला ज्ञानकोशातले लेख दिसत नव्हते, ते लगेच लावून दिलं आणि ते सगळ्यांनाच लागेल हे कळल्यावर आम्ही केलेल्या परमिशन सेट ग्रुपमध्येही घातलं. हा ग्रुप म्हणजे अनेक परमिशन सेटची एक मोट. ग्राहकसेवेच्या कामाला जे जे लागतं ते एकत्र बांधून त्याला कामाचं नाव दिलं आहे, माणसाचं नाही. नवं कोणी आलं की तो एक ग्रुप, ज्युनियरचा रोल आणि तो पब्लिक ग्रुप एवढंच लावायचं. कामात बदल झाला की ग्रुपमध्ये एकदा बदल करायचा, तो सगळ्यांना लागू होतो.

सीनियर सरांच्या खात्याचं काम त्यानंतर घेतलं. ते स्वतःच म्हणाले की जे लागत नाही ते काढा. सगळा डेटा पाहण्याचा संच काढला, एक्सपोर्ट काढलं, मार्केटिंगची खूण काढली आणि ते लायसन्स मार्केटिंगच्या माणसांना मिळालं. परताव्याची मंजुरी त्यांच्याकडेच ठेवायची असं त्यांच्या वरिष्ठांनी ठरवलं, तर ती आता लेखी कारणासकट आहे. रजेवरच्या कोणासाठी काही तात्पुरतं द्यायचं झालं तर संच देतानाच त्याची मुदत घालता येते. तारीख उलटली की तो आपोआप निघतो, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही.

खातं मागण्याचा फॉर्मही बदलला. "कोणाच्या खात्यासारखं" हा रकाना काढला आणि तिथे कामाचं नाव, काय करता आलं पाहिजे, काय दिसलं पाहिजे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विचारलं. फॉर्म भरायला थोडा जास्त वेळ लागतो, अशी तक्रार एका विभागानं केली. त्यांच्यासोबत बसून पहिला फॉर्म भरून दिला, आता ते स्वतः भरतात.

सेटअपमध्ये केलेल्या बदलांचा माग सेल्सफोर्स १८० दिवसच ठेवतं. म्हणून या सगळ्या बदलांची फाइल उतरवून, कोणी मागितलं, कोणी मंजूर केलं त्या पत्रव्यवहारासकट ठेवून दिली आहे. पुढची उतरवण्याची तारीख कॅलेंडरमध्ये घातली आहे आणि माझ्या जागी दुसरं कोणी असलं तरी त्याला ती दिसेल अशी विभागाच्या सामायिक कॅलेंडरमध्ये आहे.